आधीं कळल्याचें ऋण

धर्मशास्त्रानें आणि राजशासनानें व्यापाऱ्याच्या अपराधांची जी यादी केली आहे ती लहान नाहीं. खोटें माप, भेसळ, साठेबाजी, संगनमत, या सर्वांची नोंद तींत सांपडते. मालाचे भाव एकमत करून चढविणाऱ्या किंवा पाडणाऱ्या व्यापाऱ्यांस कौटिल्यानें एक हजार पणांचा दंड सांगून ठेवला आहे. परंतु एक गोष्ट अशी आहे कीं तिच्यांत असत्य भाषण नाहीं, माप मारणें नाहीं, भेसळ नाहीं. आणि तरीही ती ऐकली म्हणजे मन पुरतें स्वस्थ राहात नाहीं. ती म्हणजे दुसऱ्याला कळण्यापूर्वीं आपणांस जें कळलें त्यावर नफा मिळविणें. यांत दोष आहे काय, असल्यास तो कोणत्या जातीचा, आणि त्याची फेड कशी व्हावयाची, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रश्न जुना आहे. रोमन वक्ता सिसेरो यानें इसवी सनापूर्वीं ४४ व्या वर्षीं आपल्या मुलासाठीं कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत ऱ्होड्स बेटाचें एक उदाहरण दिलें आहे. बेटावर दुष्काळ पडला असून धान्य अतोनात महाग झालें आहे. अशा वेळीं अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी धान्यानें भरलेलें गलबत घेऊन येतो. वाटेंत त्यानें आणखी पुष्कळ गलबतें त्याच बेटाकडे येतांना पाहिलीं आहेत. तीं बंदराला लागलीं कीं भाव उतरणार हें उघड आहे. ही गोष्ट त्यानें गिऱ्हाइकांस सांगावी, कीं मुकाट्यानें आपला माल चढ्या भावानें विकून मोकळें व्हावें? डायोजिनीझ नांवाच्या तत्त्ववेत्त्याचें म्हणणें असें कीं, माल चोख आहे, भाव इतरांहून अधिक नाहीं, आणि न सांगणें म्हणजे कांहीं लपविणें नव्हे. मग कोणाचें काय बिघडलें? त्याचाच शिष्य अँटिपेटर याचें म्हणणें याच्या उलट. माणसाचें हित माणसांच्या हिताशीं निसर्गानेंच बांधलेलें आहे. तेव्हां भुकेल्या लोकांपासून ही बातमी दडवून ठेवणारा स्वतःच्याच समाजाशीं द्रोह करतो. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूस पडला. व्यापारी जगानें मात्र गेलीं दोन हजार वर्षें बहुधा गुरूचेंच ऐकलें आहे.

आपल्याकडेही शांतिपर्वांत तुलाधार व जाजलि यांचा संवाद आहे. जाजलि हा उग्र तपस्वी. त्याच्या जटांत पक्ष्यांनीं घरटें केलें तरी तो हालला नाहीं. असल्या तपस्व्याला धर्म शिकण्यासाठीं वाराणसीच्या एका दुकानदाराकडे जावें लागलें, आणि त्या दुकानदाराचें सारें तत्त्वज्ञान काय, तर आपली तागडी सर्व भूतांस सारखी आहे. या कथेचा अर्थ आपण बहुधा चोख मापापुरताच घेतों. परंतु ज्या तागडीचीं दोन्ही पारडीं समान आहेत, पण बाजारभाव मात्र एकाच बाजूच्या माणसाला ठाऊक आहे, ती तागडी खरोखर समान म्हणावयाची काय? तुलाधाराला हा प्रश्न पडला नसावा, कारण त्याचें गिऱ्हाईक त्याच्याच गांवांत राहात होतें. गिऱ्हाईक आणि बाजार यांमध्यें समुद्र पसरले तेव्हां हा प्रश्न मोठा झाला.

माझ्यापुढें हा प्रश्न एका विद्यार्थ्यानें आणून ठेवला. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत देवगांव फाटा म्हणून एक ठिकाण आहे. मंठा, जिंतूर आणि सेलू या तिन्ही बाजूंचे रस्ते येथें भेटतात. फाटा म्हणजे वस्तुतः गांव नव्हे, रस्त्याला दुसरा रस्ता फुटतो ती जागा. पण अशा जागेला चहाचीं दुकानें येतात, एसटीची वाट पाहणारीं माणसें येतात, आणि हळूहळू वस्ती होते. भोवतालची जमीन काळी आणि कापसाची. त्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा मुलगा माझ्या वर्गांत होता. सध्यां तो पुण्यास बाजारभावांचें वृत्त पुरविणाऱ्या एका कंपनींत नोकरीस आहे. भेटीस आला असतां तो म्हणाला, “सर, माझे वडील वर्षभर राबून कापूस पिकवितात, आणि मी त्या कापसाच्या भावाचा आकडा एका क्षणांत इकडून तिकडे नेतों. त्यांच्या वर्षाच्या कमाईहून माझी कमाई कितीतरी अधिक. हें न्यायाचें आहे काय?” मग त्यानें आपल्या व्यवसायांतील एका प्रसिद्ध पुरुषाचें चरित्र मला सांगितलें, आणि असल्या संपत्तीनें घोडे पाळावे कीं धर्मशाळा बांधाव्या असें अर्धवट हंसत विचारलें. त्याच्या हंसण्यामागें जी कळकळ होती तिला उत्तर देणें मला प्राप्त झालें.

तो पुरुष म्हणजे अमेरिकेंतील नील हर्श. त्यानें १९६९ सालीं, वयाची पंचविशीही गांठली नव्हती तेव्हां, न्यूयॉर्क येथें ‘टेलरेट’ नांवाची कंपनी काढली. मोठमोठ्या कंपन्या अल्प मुदतीचे रोखे विकून पैसा उभारीत असत. पण त्या रोख्यांचे दर जाणावयाचे म्हणजे एकेका दलालास टेलिफोन करीत बसावें लागे. ज्याच्या ओळखी दांडग्या त्याला दर लवकर कळे, इतरांस उशिरां. हर्शनें ते दर एका कांचेच्या पडद्यावर आणले, आणि जो वर्गणी भरील त्याच्या टेबलावर तो पडदा ठेवला. पुढें अमेरिकन सरकारच्या कर्जरोख्यांचे भावही त्यावर उमटूं लागले. रोख्यांच्या बाजारांत जे खेळत होते त्यांना तो नुसती दृष्टि विकीत होता. १९९० च्या सुमारास डाऊ जोन्स या विख्यात वृत्तसंस्थेनें ही कंपनी पूर्णपणें आपल्याकडे घेतली तेव्हां तिचा एकंदर खर्च सुमारें १६० कोटि डॉलरांवर गेला होता. आणि १९९८ सालीं तीच कंपनी तिला ५१ कोटींस विकून टाकावी लागली! मधल्या काळांत ब्लूमबर्गसारखे प्रतिस्पर्धी नुसता भाव न दाखवितां त्यासोबत लागणारें गणितही करून देऊं लागले होते. बातमी हा माल भाजीपाल्याहून लवकर शिळा होतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

हर्शनें आपल्या संपत्तीच्या बळावर पोलो या खेळास आश्रय दिला. ‘ब्लॅक वॉच’ हा त्याचा संघ अमेरिकेंतील मैदानांवर नांवारूपास आला. पोलोचा आश्रयदाता हें एक विलक्षण प्रकरण आहे. मल्लांस खुराक देणारा आमचा संस्थानिक लोडाला टेकून कुस्ती पाहात असे. पोलोचा आश्रयदाता बहुधा स्वतःच घोड्यावर बसतो, आणि आपण ज्यांना वेतन देतों त्या कसबी खेळाडूंच्या बरोबरीनें, चौघांपैकीं एक होऊन खेळतो. खेळ अत्यंत खर्चाचा. एकेक डाव सात मिनिटांच्या आसपास चालतो आणि दर डावाला घोडा बदलावा लागतो, म्हणजे एका स्वाराला घोड्यांची रांगच बाळगावी लागते. तरी हा खेळ आपणांस परका नाहीं. दिल्लीचा पहिला सुलतान कुत्बुद्दीन ऐबक १२१० सालीं लाहोरास चौगान खेळतांना घोड्यावरून पडून मेला. मणिपुरी लोकांचा खेळ पाहून इंग्रज मळेवाल्यांनीं १८५९ सालीं सिल्चर येथें क्लब काढला, तेथून आधुनिक पोलोचा जन्म झाला. आणि त्याच्या डावाला आजही सर्व जगांत जो शब्द वापरतात तो आपला ‘चक्कर’ हाच आहे.

आतां हर्शच्या व्यवसायाचा न्याय करावयाचा तर त्याला एकट्याला उभा करून चालणार नाहीं; त्याच्या शेजारीं आपल्या मुंबईचा एक पुरुष उभा केला पाहिजे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्या चार वर्षांत मुंबई बेटावर सात-आठ कोटि पौंडांची जादा संपत्ति येऊन पडली असा अंदाज केला जातो. या लाटेवर सर्वांच्या वर बसलेला माणूस म्हणजे सुरतेहून आलेला प्रेमचंद रायचंद. युरोपशीं तारेचा संबंध १८६५ पर्यंत जुळला नव्हता. लिव्हरपूलचा भाव आगबोटीबरोबर यावयाचा. प्रेमचंदाविषयीं असें सांगतात कीं, आगबोट बंदरांत शिरण्यापूर्वींच त्याचीं माणसें होड्यांतून तिला गांठीत आणि भावाची बातमी काढून आणीत. बाकीचे व्यापारी धक्क्यावर टपालाची वाट पाहात असतांना प्रेमचंदाचे सौदे पुरे झालेले असत. ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याला गलबतें योगायोगानें दिसलीं होतीं. प्रेमचंदानें तीं दिसावीं अशी व्यवस्था केली, एवढाच काय तो फरक. तो खोटें बोलला नाहीं. पण त्या दिवशीं ज्यानें त्याला कापूस विकला, तो अंधारांत उभा राहून उजेडांतल्या माणसाशीं सौदा करीत होता हें विसरतां येत नाहीं.

१८६५ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील युद्ध संपल्याची वार्ता पसरली आणि कापसाचा भाव कोसळला. भरणी करून नव्या जमिनी काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला होता. तो कागदाच्या मोलाचा झाला. वायद्यांचा हिशेब ज्या दिवशीं व्हावयाचा तो १ जुलै १८६५ हा दिवस मुंबईच्या व्यापाराच्या इतिहासांत काळा दिवस म्हणून राहिला. बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाला. इतरांच्या आधीं भाव जाणणाऱ्या या माणसाला सर्वांत मोठी बातमी मात्र वेळेवर कळली नाहीं. चोरट्या उजेडाची हीच गति आहे. तो जवळचा खड्डा दाखवितो, कडा दाखवीत नाहीं.

पण कथा येथें संपत नाहीं. भरभराटीच्या १८६४ या वर्षीं प्रेमचंदानें मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठीं दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठीं आणखी दोन लक्ष रुपये दिले होते. कलकत्ता विद्यापीठासही त्यानें दोन लक्ष दिले. कलकत्त्याच्या त्या देणगींतून जी शिष्यवृत्ति निघाली ती आशुतोष मुखर्जी व जदुनाथ सरकार यांच्यासारख्यांना मिळाली, आणि त्या सरकारांनींच पुढें शिवाजी महाराजांचें चरित्र लिहिलें. मुंबईचा मनोरा १८६९ ते १८७८ या काळांत उभा राहिला. त्याला प्रेमचंदाच्या आईचें नांव आहे, राजाबाई. माउलीला दिसत नव्हतें, आणि सूर्यास्तापूर्वीं जेवण्याचा तिचा जैन नेम पाळला जावा म्हणून तासांचे टोले तिला ऐकूं यावे अशी मुलाची इच्छा होती, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांत एक मोठा अर्थ दडला आहे. ज्या माणसानें इतरांच्या आधीं जाणून धन मिळविलें, त्याच्या धनांतून असा मनोरा उभा राहिला कीं ज्याच्या घड्याळांत शेठ आणि हमाल या दोघांनाही एकाच क्षणीं तीच वेळ दिसते, तीही फुकट. प्रेमचंदाला हें सुचलें होतें कीं नाहीं हें सांगतां येणार नाहीं. पण आधीं कळल्याचें ऋण फेडण्याची याहून योग्य रीत मला तरी दिसत नाहीं.

तेव्हां ज्ञानाच्या व्यवहाराच्या तीन पायऱ्या मी मानतों. पहिली लपविण्याची: बातमी आपल्यापाशीं ठेवून तिच्या बळावर अजाण माणसाशीं सौदा करणें. दुसरी विकण्याची: जो मोल देईल त्याला, ओळखपाळख न पाहतां, सारखीच बातमी देणें. तिसरी वांटण्याची: मनोऱ्याच्या घड्याळाप्रमाणें सर्वांसाठीं ती उघडी ठेवणें. प्रेमचंदाची होडी पहिल्या पायरीवर होती. हर्शचा पडदा दुसऱ्या पायरीवर येतो. १८५० सालीं आखेन व ब्रुसेल्स यांमधील तारेची तुटलेली जागा कबुतरांनीं जोडणारा रॉयटरही त्याच पायरीवरचा. दुसरी पायरी पहिलीहून निःसंशय वरची आहे. तार टाकणाऱ्यानें, कबुतर पाळणाऱ्यानें, पडदा बसविणाऱ्यानें आपल्या श्रमाचा मोबदला घेतला तर त्यांत अधर्म नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या शंकेचें पहिलें उत्तर हेंच कीं, भाव कळविणें हें काम कापूस पिकविण्याइतकें मूलभूत नसेल, पण तें फुकाचेंही नाहीं. भाव झांकलेला असला म्हणजे काय होतें हें त्याच्या आजानें पाहिलें असेल.

त्या झांकण्याची रीत अगदीं शब्दशः होती. बाजारांत दलाल आणि खरेदीदार एकमेकांचा हात रुमालाखालीं धरीत आणि बोटें दाबून भाव ठरवीत. शेजारीं उभ्या असलेल्या शेतकऱ्याला रुमाल दिसे, बोटें दिसत नसत. यालाच हत्ता पद्धति म्हणत. माल त्याचा, घाम त्याचा, गाडी-बैल त्याचे, आणि भाव मात्र त्याच्याच डोळ्यांदेखत त्याच्यापासून गुप्त! ही गोष्ट मोडून काढण्यासाठीं नियंत्रित बाजार आले. हैदराबाद रेसिडेंटाच्या हुकमान्वयें वऱ्हाडांतील कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा असा पहिला बाजार सुरू झाला. १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कायदा झाला. परभणी तेव्हां निजामाच्या मुलखांत होती. त्या राज्यांतही १९३० च्या सुमारास बाजारांचा कायदा झाला. सेलू आणि मानवत येथील कापसाचे बाजार ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना उघड लिलावाचें महत्त्व सांगावयास नको. भाव मोठ्यानें पुकारला जाणें ही दिसावयास लहान, पण नीतीच्या दृष्टीनें फार मोठी क्रांति होती.

येथें कोणी म्हणेल, आतां प्रश्न उरलाच कोठें? तारायंत्र गेलें, टेलिफोन आला, तोही खिशांत मावूं लागला. २०१६ सालीं सरकारनें ‘ई-नाम’ हा राष्ट्रीय बाजार उघडला. देवगांव फाट्यावर एसटीची वाट पाहणारा शेतकरी सेलूचा, अकोल्याचा आणि मनांत आणल्यास न्यूयॉर्कचाही भाव चहा निवण्यापूर्वीं पाहूं शकतो. मग अंधार कोणता राहिला? अंधार राहिला नाहीं हें खरें. पण उजेडांत हात बांधलेले राहिले. भाव पुढील महिन्यांत वाढेल असें त्याला कळलें तरी थांबण्याची सोय त्याच्यापाशीं नाहीं. घरांत कापूस सांठवावयास जागा नाहीं, उधारीचा तगादा आहे, मुलीचें लग्न ठरलें आहे. व्यापाऱ्याला जें कळतें तेंच त्यालाही कळतें. परंतु व्यापारी कळल्याप्रमाणें वागूं शकतो आणि तो वागूं शकत नाहीं. पूर्वीं एकाला कळत असे, दुसऱ्याला नसे. आतां दोघांना कळतें, पण एकालाच थांबतां येतें. म्हणून तिसऱ्या पायरीवर पोंचलों म्हणजे शिखर गांठलें असें समजणें भ्रामक आहे. ज्ञान वांटलें, पण ज्ञानाप्रमाणें वागण्याची शक्ति वांटली नाहीं, तर तें ज्ञान दुबळ्याला अधिकच जाचतें. आपला तोटा होत आहे हें न कळतां होणारा तोटा आणि डोळे उघडे असतांना होणारा तोटा यांत दुसराच अधिक दुःसह.

शिवाय नुसत्या आकड्याची दुसरीही एक गति आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारांतील भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्यांचा शेवटचा आंकडा काय येईल यावर गिरणगांवांतील कामगार पैसे लावीत. तो भाव ज्या कापसाचा, त्याच्याशीं लावणाऱ्याचा कांहीं संबंध नव्हता. १९६१ च्या सुमारास तें वृत्त येणें बंद झालें, तेव्हां लोकांनीं मडक्यांतून चिठ्ठ्या काढून आंकडे पाडले. मटका हा शब्द तेथून रूढ झाला. एकाच आंकड्यावर परभणीच्या शेतकऱ्याचें वर्ष अवलंबून असे आणि परळच्या कामगाराची मजुरी उधळली जात असे. वस्तूपासून सुटलेली बातमी ही देहापासून सुटलेल्या सावलीसारखी असते, आणि सावलीचा व्यापार करणाऱ्यानें मधूनमधून देहाकडे पाहिलें नाहीं तर त्याला आपण काय विकतों याचें भान राहात नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या मनांत वडिलांचें शेत अजून जागें आहे. ती त्याची दुर्बलता नसून त्याची ठेव आहे.

आतां राहिले घोडे. संपत्ति दानांत जावी, खेळांत जाऊं नये, असा आपल्या मध्यम वर्गाचा सरळ समज आहे आणि तो बराचसा योग्यही आहे. परंतु पोलोच्या मैदानावर एक नियम आहे, त्याकडे पाहिल्यावर या खेळाला नुसता श्रीमंतांचा चाळा म्हणून सोडून देतां येत नाहीं. पोलोंतील प्रत्येक खेळाडूची योग्यता उणे दोनपासून दहापर्यंतच्या अंकानें ठरविलेली असते. ती गुप्त नसते; सर्वांस ठाऊक असते. हँडिकॅपच्या सामन्यांत चौघांच्या अंकांची बेरीज करून दोन संघांतील अंतर काढतात, आणि त्या मानानें दुबळ्या संघाला खेळ सुरू होण्यापूर्वींच गोल बहाल करतात. आश्रयदाता कितीही धनवान असो, त्यानें कितीही मोलाचे खेळाडू आणलेले असोत, त्याच्या बलाची किंमत प्रतिपक्षाच्या फळ्यावर आधींच मांडलेली असते. बल असणें हा तेथें अपराध नाहीं. तें उघड करणें आणि त्याची भरपाई करणें हें मात्र बंधनकारक आहे.

आणि या शब्दाचा इतिहास तर याहून बोलका आहे. ‘हँडिकॅप’ म्हणजे मुळांत टोपींतला हात. सतराव्या शतकांत इंग्लंडमध्यें वस्तूंच्या अदलाबदलीचा एक प्रकार होता. दोघांच्या वस्तु कमीअधिक मोलाच्या असल्या म्हणजे एक पंच मध्यें पडून कोणी किती वर घालावें हें मोठ्यानें सांगे, आणि दोघे टोपींत हात घालून, तो उघडा किंवा मिटलेला बाहेर काढून, आपली संमति वा असंमति दाखवीत. वाचकांनीं क्षणभर थांबून हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. येथेंही झांकलेला हात आहे आणि आमच्या हत्ता पद्धतींतही झांकलेला हात आहे. परंतु एका ठिकाणीं पंच अंतर उघड सांगून तें भरून काढतो, आणि दुसऱ्या ठिकाणीं पंचच नाहीं. अंतर झांकून त्याचा लाभ उठविला जातो. पहिल्या हातापासून खेळाचा न्याय निघाला, दुसऱ्यापासून बाजाराचा अन्याय.

मला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, मैदानावर जो नियम आपण सायंकाळीं आनंदानें पाळतों तोच दिवसा बाजारांत का पाळूं नये? खेळांत दुबळ्याला चार गोल आधींच दिले तर कोणी त्याला भीक म्हणत नाहीं. खेळ खेळण्याजोगा व्हावा म्हणून तें केलें असें सर्व मानतात. शेतकऱ्याला हमीभाव दिला, कापूस ठेवण्यास गोदाम दिलें, ठेवलेल्या मालावर अल्प व्याजानें कर्ज दिलें, म्हणजे तो चार महिने थांबूं शकेल. पण हें म्हटलें कीं लगेच उपकाराची आणि सवलतीची भाषा सुरू होते. वस्तुतः ते त्याचे आरंभींचे गोल आहेत. ज्याला आधीं कळतें आणि ज्याला थांबतां येतें अशा बलवानाशीं त्याला खेळावयाचें आहे. अंतर उघड आहे. तेव्हां भरपाई हा त्याचा हक्क आहे. ती नसेल तर बाजार हा खेळ राहात नाहीं, शिकार होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. सर्वच अंतरें भरून काढलीं तर धांवावयाचें कोणी आणि कशाला? प्रेमचंदानें होडी पाठविली नसती, रॉयटरनें कबुतरें पाळलीं नसतीं, हर्शनें पडदा बसविला नसता, तर बातमी आजही टपालाच्या वेगानें चालली असती. हें मला मान्य आहे. परंतु हँडिकॅपचा नियम चांगल्या खेळाडूला वाईट खेळावयास सांगत नाहीं. दहा अंकांचा स्वार दहा अंकांनींच खेळतो, आणि त्याचा मानही दहा अंकांचाच असतो. नियम एवढेंच म्हणतो कीं, तुझ्या श्रेष्ठतेचा उपयोग दुसऱ्याला खेळांतून उठवून लावण्यासाठीं होऊं नये. पहिल्यानें जाणणाऱ्यानें जाणावें, त्याचें मोलही घ्यावें; पण ज्यानें त्याच क्षणीं जाणलें नाहीं त्याच्याशीं जो सौदा झाला, त्यांतील कांहीं भाग आपला नसून त्या अजाणाचा आहे, ही जाणीव त्यानें ठेवावी. दान आणि ऋण यांत हाच भेद आहे. दान देणारा स्वतःस मोठा समजतो. ऋण फेडणारा मोकळा होतो.

म्हणून विद्यार्थ्यास मीं जें लिहून कळविलें त्याचा मथितार्थ असा. नोकरी सोडूं नकोस. तुझें काम अप्रामाणिक नाहीं. परंतु तुझ्या पडद्यावरचा आकडा सेलूच्या बाजारांतील गाडीपर्यंत मुंबईच्या पेढीइतक्याच लवकर आणि तितक्याच स्वस्तांत कसा पोंचेल याचा विचार तुझ्यासारख्यानें केला नाहीं तर कोणी करावयाचा? पुढें तुझ्यापाशीं संपत्ति आली, आणि तुला घोडे पाळावेसे वाटले, तर अवश्य पाळ. मात्र मैदानावरचा तो फळा बाजारांत घेऊन ये. आणि संपत्ति आली नाहीं तरी तुझें ऋण आहेच, कारण वडिलांना जें उशिरां कळलें तें तुला लवकर कळावें म्हणून त्यांनीं तुला शिकविलें.

हें ऋण त्या एका मुलावरचेंच नाहीं. प्रस्तुत मासिक वाचणाऱ्या आपणां सर्वांच्या घरीं विद्या आहे, पुस्तकें आहेत, वकील-डॉक्टरांच्या ओळखी आहेत. कोणता अर्ज कोठें करावा, कोणती परीक्षा केव्हां द्यावी, कोणत्या रोगाला कोणतें रुग्णालय बरें, हें आपणांस घरबसल्या आधीं कळतें. त्याची किंमत आपण कधीं मोजली नाहीं, कारण ती आपण दिली नाहीं. फाट्यावरचा मैलाचा दगड जातीला, खिशाला वा ओळखीला न विचारतां सर्वांना अंतर सांगतो, आणि त्याच्याकडून एवढीच अपेक्षा असते कीं त्यावरचीं अक्षरें पुसलीं जाऊं नयेत. सुशिक्षितांकडून समाजाची अपेक्षा याहून फार मोठी नाहीं.